सहीच्या आधी वकील, की सहीनंतर? जहाजावरच्या दुखापतीबद्दल एका प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गुहागरकडच्या एका ताईंचा धाकटा भाऊ, वय ३४, पनामाचा झेंडा असलेल्या (म्हणजे तिथे नोंद असलेल्या) एका बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, एबी (डेकवर काम करणारा अनुभवी खलाशी) होता. बंदरात जहाज बांधताना मूरिंगचा दोर तुटून त्याच्या उजव्या हातावर बसला. परदेशातच ऑपरेशन झालं आणि साइन ऑफ करून, म्हणजे जहाजावरून उतरवून, त्याला घरी पाठवलं. चार महिने होत आले तरी मूठ पुरती वळत नाही, दोन बोटांना अजून बधिरपणा आहे. बेलापूरचा मॅनिंग एजंट (जहाजांना माणसं पुरवणारा) १२,००० डॉलर द्यायला तयार आहे. सोबत सहीसाठी दोन पानी इंग्रजी कागद आहे, आणि ‘वकील केलात तर पुन्हा कुठली कंपनी घेणार नाही’ असं त्याने तोंडी बजावलंय. दुसरीकडून एक ‘क्लेम कन्सल्टंट’ तीस टक्क्यांवर सगळं करून देतो म्हणतोय. ताई विचारतात, वकील करावा का, आणि केला तर तो नेमकं करणार काय?

ताई, मी मुंबईत याच कामात वकिली करतो. सुरुवातीची वर्षं जहाजमालकांच्या विमा क्लबांच्या बाजूने काम केलं, आता बहुतेक खलाशी आणि त्यांच्या घरच्यांच्या बाजूने करतो. दोन्हीकडचं पाहिलेलं असल्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

वकील करायचा की नाही हे दोन आठवड्यांनी ठरवलंत तरी चालेल. आज ठरवायचं आहे ते त्या दोन पानांचं. त्यांवर सही झाली की भावाचे कोणकोणते हक्क संपतात, आणि १२,००० हा आकडा कुणी, कशाच्या आधारावर काढला? या दोन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळेपर्यंत सही करू नका. पैसे नाकारायचेही नाहीत. ‘कागद वाचून कळवतो’ एवढंच सांगा. अशा प्रकरणात वकिलाचा सर्वांत मोठा उपयोग सहीच्या आधी होतो. सही झाल्यावर माझ्याकडे आलेल्या माणसासाठी मला जे करता येतं, ते सहीआधी आलेल्याच्या तुलनेत फार थोडं असतं.

भावाला किती मिळेल याचा आकडा मी इथे सांगणार नाही. तो त्याच्या करारावर, त्या जहाजाला कुठल्या युनियनचा सामूहिक करार लागू आहे त्यावर, हात शेवटी किती सुधारतो त्यावर आणि दोर का तुटला यावर ठरेल. यातलं काहीही न पाहता जो आकडा सांगतो, त्याच्यापासून सांभाळून राहा, मग तो एजंट असो, कन्सल्टंट असो किंवा वकील.

आता वकिलाचं पहिलं काम. पैसे द्यायचे कुणी? तुमच्या डोळ्यांसमोर फक्त एजंट आहे, पण बहुतेक वेळा देणेकरी तो नसतो. जहाजाची नोंद एका कंपनीच्या नावावर असते आणि त्या कंपनीच्या मालकीचं तेवढं एकच जहाज असतं. ते चालवणारी मॅनेजमेंट कंपनी वेगळी, माणसं पुरवणारा एजंट वेगळा, आणि शेवटी पैसा येतो तो पी अँड आय क्लबकडून. हे क्लब म्हणजे जहाजमालकांनी मिळून चालवलेल्या परस्पर विमा संस्था. जगातल्या समुद्रगामी जहाजांच्या टनेजपैकी सुमारे ९० टक्के टनेजचा विमा त्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाकडे आहे. परदेशी रुग्णालयात तुमच्या भावाला एखादा सभ्य माणूस भेटायला आला असेल, त्याने विचारपूस करून जबाब लिहून घेतला असेल. तो बहुधा क्लबचा प्रतिनिधी किंवा वकील होता. त्याने त्याचं काम केलं. पण त्या दिवसापासून समोरच्या बाजूला वकील आहे आणि तुमच्या बाजूला नाही, हे लक्षात घ्या. त्या जबाबाची प्रत मागा. ‘माझंच लक्ष नव्हतं’ असं एखादं वाक्य त्यात असेल, तर ते आत्ताच कळलेलं बरं.

क्लब कुठला हे शोधणं सोपं आहे. सागरी कामगार करार, ज्याला सगळे एमएलसी २००६ म्हणतात, त्यात झालेली दुरुस्ती १८ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. तिच्यानुसार खलाशाचा मृत्यू किंवा दीर्घकालीन अपंगत्व यांच्या करारातल्या भरपाईसाठी मालकाला आर्थिक हमी ठेवावी लागते, आणि त्या हमीचं प्रमाणपत्र जहाजावर दर्शनी जागी लावावं लागतं. हमी देणाऱ्याचं नाव-पत्ता त्यावर असतो. भावाचा एखादा सहकारी अजून त्या जहाजावर असेल तर मोबाइलवर एक फोटो मागवा. या तरतुदीखाली खलाशी, त्याचे जवळचे नातेवाईक किंवा त्याने नेमलेला प्रतिनिधी थेट हमीदाराकडे मागणी करू शकतो, म्हणजे एजंटाच्या मर्जीवर सगळं अडत नाही. पनामाने हा करार २००९ मध्ये आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला आहे, म्हणून तुमच्या प्रकरणात झेंडा आणि खलाशी दोन्ही त्याच्या कक्षेत येतात.

पैशाच्या वाटा दोन आहेत आणि बहुतेक घरांमध्ये त्यांची गल्लत होते. पहिली वाट कराराची. तिथे चूक कुणाची हे पाहिलं जात नाही. कामावर असताना दुखापत झाली एवढं पुरतं. घरी पोचेपर्यंतचा पगार, उपचाराचा खर्च, घरी आल्यावरचा आजारपणाचा पगार आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर ठरलेल्या तक्त्यानुसार रक्कम, हे सगळं या वाटेने येतं. घरी आल्यानंतरचा पगार आणि उपचाराचा खर्च यांना देशाच्या कायद्याने मर्यादा घालता येते, पण एमएलसीनुसार ती १६ आठवड्यांपेक्षा कमी असता कामा नये. ‘चार महिने झाले, आता बंद’ असं एजंट म्हणतात ते यावरून. मात्र १६ आठवडे ही किमान मर्यादा आहे. सामूहिक करारात मुदत त्याहून जास्त असू शकते, म्हणून कराराची प्रत हातात आल्याशिवाय ‘बंद’ हा शब्द मान्य करू नका. भावाचे फिलिपिनो सहकारी १२० दिवसांचा नियम आणि अपंगत्वाच्या श्रेणी सांगत असतील, तर त्या त्यांच्या सरकारने ठरवून दिलेल्या करारातल्या आहेत. भारतीय खलाशाला त्या आपोआप लागू होत नाहीत.

दुसरी वाट निष्काळजीपणाची. दोर जुना होता, विंचचा (दोर ओढणाऱ्या यंत्राचा) ब्रेक नीट नव्हता, माणसं कमी होती, विश्रांती मिळाली नव्हती, यातलं काही सिद्ध झालं तर करारातल्या रकमेहून अधिक नुकसानभरपाई मागता येते. पुढची सगळी वर्षं बुडणारी कमाई हा तिचा मुख्य भाग असतो.

तुमच्याकडचा दोन पानी कागद बहुधा दोन्ही वाटा एकदम बंद करतो. ‘सर्व दावे, आज माहीत असलेले आणि पुढे उद्भवणारे, कायमचे सोडून देत आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यात असेल. इथे एमएलसीतली एक तरतूद फार मोलाची आहे. करारातली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी रक्कम घेण्यासाठी दबाव आणायचा नाही, अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागणार असेल तर अंतरिम रक्कम द्यायची, आणि हे पैसे घेतल्याने खलाशाचे इतर कायदेशीर हक्क बुडत नाहीत. पुढे न्यायालयाने जास्त दिले तर आधी दिलेली रक्कम त्यातून वजा होते, इतकंच. एमएलसीसोबत पावतीचा एक नमुनाही जोडलेला आहे. मी बहुतेक वेळा एजंटाचा कागद बाजूला ठेवून तो नमुना पाठवतो आणि ‘यावर सही करायला माझा अशील आज तयार आहे’ असं कळवतो. पुष्कळदा वाटाघाट तिथूनच मार्गी लागते, न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही.

आता टक्केवारी. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

करारातली रक्कम अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरते. समजा करारात १०० टक्क्यांना १,००,००० डॉलर लिहिलेत. मग १२,००० म्हणजे कुणीतरी बारा टक्के धरलेत. कुणी धरले? कुठल्या डॉक्टरने, कधी तपासून? तो अहवाल मागा. चौथ्या महिन्यात हाताची टक्केवारी ठरवणं मला घाईचं वाटतं आणि त्याचं कारण वैद्यकीय आहे. चिरडलेली किंवा शिवलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वेगाने वाढते. मनगटापाशी इजा झाली असेल तर बोटांच्या टोकापर्यंत पोचायलाच सहा महिने आणि वर लागू शकतात. स्नायुबंध चिकटले असतील तर ते सोडवायला आणखी एक शस्त्रक्रिया लागू शकते. हात सुधारेल तेवढा सुधारला, आता फार फरक पडणार नाही, असं हँड सर्जन लेखी देईपर्यंत अंतिम आकडा ठरवू नये. तोवर अंतरिम रक्कम मागावी.

टक्केवारीत दोन गोष्टी वेगळ्या असतात. हाताची हालचाल किती कमी झाली ही एक, आणि हा माणूस पुन्हा त्याचं काम करू शकतो का ही दुसरी. कचेरीत बसणाऱ्याची मूठ थोडी सैल राहिली तर रोजच्या कामाचं फार बिघडत नाही. एबीला मात्र ओला दोर आवळून धरायचा असतो, पायलट लॅडर (बंदराच्या वाटाड्याला, म्हणजे पायलटला, चढण्यासाठीची शिडी) बांधायची असते, हलत्या जहाजावर उंचावर एका हाताने स्वतःला सांभाळत दुसऱ्याने काम करायचं असतं. उजव्या हाताची पकड गेली तर तो माणूस समुद्राला मुकतो. आयटीएफच्या, म्हणजे वाहतूक कामगार युनियनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, धर्तीच्या करारांमध्ये याची दखल आहे. अपंगत्व ५० टक्के किंवा जास्त ठरलं तर पूर्ण रक्कम, आणि ५० पेक्षा कमी असूनही डॉक्टरने समुद्रसेवेसाठी कायमचा अपात्र ठरवला तरी पूर्ण रक्कम. त्या एका वाक्याने १२,००० चे १,००,००० होऊ शकतात. कंपनीचा डॉक्टर आणि तुमचा डॉक्टर यांचं मत जुळलं नाही, तर कंपनी आणि युनियन मिळून तिसरा डॉक्टर नेमतात आणि त्याचं मत अखेरचं, अशीही तरतूद त्या करारांत असते. म्हणून आधी तुमचा डॉक्टर हवा. त्याला एबीचं काम काय असतं हे लिहून द्या. पकड किलोमध्ये मोजणारी चाचणी दोन्ही हातांची करून घ्या. मी अशिलासोबत कामाचं वर्णन एक पानभर लिहून देतो, कारण बहुतेक हाडांच्या डॉक्टरांनी मूरिंग कधी पाहिलेलं नसतं आणि पाहिलेलं नसलं तर त्यांनी ते कुठून धरावं?

भारतीय कायद्यातही हा विचार जुना आहे. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाटा या खटल्यात, १९७६ मध्ये, डावा हात कोपराच्या वरून गमावलेल्या सुताराला सर्वोच्च न्यायालयाने पूर्ण अपंगत्वाची भरपाई कायम केली. एका हाताने सुतारकाम होत नाही, असं साधं कारण होतं. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, हेही त्याच निकालात आलं.

या कायद्याबद्दल थोडं. १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा खलाशांना सामावून घेणारा होता. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे आणि संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. अपघाताची तारीख त्याआधीची की नंतरची, यावर पुढचं ठरेल. जुन्या कायद्यात महिन्याचा पगार कितीही असला तरी हिशोबाला १५,००० रुपयेच धरले जात. ३४ वर्षांच्या माणसाला पूर्ण आणि कायमचं अपंगत्व आलं तर १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, गुणिले वयानुसारचा गुणक १९९.४०, म्हणजे १७,९४,६०० रुपये. तुम्हाला देऊ केलेले १२,००० डॉलर साधारण दहा लाखांच्या घरात जातात. पूर्ण अपंगत्व ठरलं तर भारतीय कायद्याचा हा मर्यादित हिशोबसुद्धा त्या रकमेच्या वर जातो. पण सावध राहा. परदेशी झेंड्याच्या जहाजाला हा कायदा लागत नाही असा युक्तिवाद समोरून येतो. शिवाय या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे अर्ज केला की त्याच अपघातासाठी मालकाविरुद्ध दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावता येत नाही, आणि दावा लावला की आयुक्तांकडे जाता येत नाही, असं त्या कायद्यातच होतं. एकदा घातलेलं पाऊल मागे घेता येत नाही, म्हणून गावातल्या ओळखीच्या वकिलाकडून घाईने अर्ज टाकू नका. तो वकील कितीही चांगला असला तरी आधी या विषयातल्या माणसाशी बोलून घ्या.

दोर का तुटला, याकडे वळतो. मूरिंगच्या अपघातात ‘तो धोक्याच्या पट्ट्यात उभा होता’ हे उत्तर ठरलेलं असतं. तुटलेला दोर झटका मारून ज्या भागातून मागे येतो, तो हा पट्टा. उत्तर कधी खरं असतं, पण पुरेसं क्वचितच असतं. त्याला तिथे कुणी उभं केलं, त्या वेळी दोर बांधण्याच्या जागी किती माणसं होती, विंच आणि दोर दोन्ही दिसतील अशी दुसरी जागा होती का? मार्च २०१५ मध्ये ‘झारगा’ या एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) नेणाऱ्या जहाजावर, वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदरात, मूरिंगचा दोर तुटून एक अधिकारी डोक्याला गंभीर जखमी झाला. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने त्याचा खोलवर तपास केला. दोराच्या आतले धागे थकले होते आणि बाहेरच्या वेष्टणामुळे ते वरून दिसत नव्हते. अशा तपासांमुळे ‘खलाशाने लक्ष द्यायला हवं होतं’ या एका वाक्यावर प्रकरण मिटत नाही. १ जानेवारी २०२४ पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुरुस्तीने मूरिंगच्या दोरांची आणि साधनांची तपासणी, देखभाल आणि त्यांच्या नोंदी सगळ्या जहाजांना बंधनकारक झाल्या आहेत. म्हणून मी पहिल्या पत्रात त्या दोराचं प्रमाणपत्र, तो कधी वापरात आला ती तारीख आणि तपासणीच्या नोंदी मागतो.

त्यासोबत मागायच्या गोष्टी: अपघाताचा अहवाल, लॉगबुकातली त्या दिवसाची पानं, धोक्याचं मूल्यमापन, आणि कामाच्या व विश्रांतीच्या तासांचा तक्ता. एमएलसीनुसार विश्रांती २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास मिळायला हवी. तक्ता बहुतेक जहाजांवर सुबक भरलेला असतो. तो खरा आहे का हे कार्गोच्या नोंदी, पायलट चढल्या-उतरल्याच्या वेळा आणि ओव्हरटाइमचा कागद शेजारी ठेवला की कळतं. ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातल्या, व्हॉयेज डेटा रेकॉर्डरमधलं रेकॉर्डिंग मुद्दाम जपलं नाही तर पुसलं जातं. २०१४ नंतर बसवलेल्या यंत्रात साधारण ३० दिवस, जुन्यात १२ तास. तुमच्या प्रकरणात ते आता बहुधा गेलं असेल, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी कालच असा फोन आला असेल, तर ‘रेकॉर्डिंग जपून ठेवा’ असा ईमेल कंपनीला आजच करा. त्याला वकील लागत नाही. तुमच्या भावाने मात्र आता शांत बसून त्या सकाळी काय घडलं ते मराठीतच, त्याच्या शब्दांत, तारीख घालून लिहून काढावं. कोण कुठे उभा होता याचं कच्चं रेखाचित्रही काढावं. दोन वर्षांनी उलटतपासणीत सगळ्यांची आठवण धूसर झालेली असते.

समजा बोलणी फिसकटली, तर पुढे कुठे? भारतापुरतं सर्वांत धारदार हत्यार म्हणजे जहाजाची अटक, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाने ते रोखून ठेवणं. मुरगाव बंदरातून १९८४ मध्ये निघालेल्या ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ या परदेशी जहाजाचा खटला मालाच्या वादाचा होता, पण १९९२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आपल्या उच्च न्यायालयांचा परदेशी जहाजांवरचा अधिकार व्यापक असल्याचं ठरवलं. पुढे २०१७ चा नौअधिकरण (ॲडमिरल्टी) कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यात जहाज चालवण्याशी थेट संबंध असलेली शारीरिक इजा आणि मृत्यू यांचा दावा स्पष्ट लिहिला आहे. जहाज भारताच्या पाण्यात आलं की त्या किनाऱ्यावरच्या उच्च न्यायालयातून अटकेचा आदेश मिळू शकतो, आणि महाराष्ट्र-गोव्यासाठी ते मुंबई उच्च न्यायालय. उभ्या जहाजाचा रोजचा खर्च मोठा असतो, म्हणून मालक ते सोडवायला धावतो आणि क्लब हमीपत्र देतो. एकाच जहाजाच्या कंपनीमागे लपलेला मालक अशा वेळी समोर येतो. इजेच्या दाव्याचा बोजा त्या जहाजावरच बसतो, जहाज विकलं तरी सुटत नाही. पण त्याची मुदत एकच वर्ष आहे, आणि त्या वर्षात नुसतं पत्र पाठवून भागत नाही, जहाज अटकेत यावं लागतं. थकलेल्या पगारासाठी हीच मुदत दोन वर्षांची आहे. तुमचे चार महिने गेलेत. जहाज आज कुठे आहे हे कुठल्याही जहाज-मागोवा संकेतस्थळावर पाहता येतं. न्हावा शेवा, मुंद्रा, पारादीप, विशाखापट्टणम यांपैकी कुठे ते येणार असेल तर वकिलाला ताबडतोब सांगा.

अटक हे खेळणं मात्र नाही. चुकीची ठरली तर होणाऱ्या नुकसानीची हमी न्यायालय मागू शकतं. म्हणून अपंगत्वाचा अहवाल आणि निष्काळजीपणाचे निदान काही कागद हाती आल्याशिवाय मी तिकडे वळत नाही.

करारात लवादाचं कलम असेल, इंग्लंडचा किंवा सिंगापूरचा कायदा लिहिला असेल, तर वाट बदलते. क्रूझवर जाणाऱ्या गोव्याच्या आणि कोकणातल्या मुलांनी हे सही करण्याआधीच वाचावं. २००३ मध्ये मायामीत ‘नॉर्वे’ या क्रूझ जहाजाच्या बॉयलरचा स्फोट होऊन आठ कर्मचारी गेले. त्या फिलिपिनो कुटुंबांनी अमेरिकेत दावे लावले, आणि २००५ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने त्यांना करारातल्या कलमानुसार लवादाकडे पाठवलं. इंटरनेटवर शोधलं की अमेरिकेचा जोन्स ॲक्ट (जखमी खलाशाला मालकावर दावा लावू देणारा तिथला कायदा) आणि मोठमोठे आकडे समोर येतात. केवळ जहाज अमेरिकेच्या बंदरात लागत होतं म्हणून तो भारतीय खलाशाला मिळत नाही. १९५३ मध्येच तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यूयॉर्कमध्ये भरती झालेल्या पण हवानात जखमी झालेल्या डॅनिश खलाशाला डेन्मार्कचाच कायदा लावला होता. तुमच्या भावाचा अपघात कुठल्या देशात झाला ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवा, कारण काही देशांत तिथल्या वकिलाचं मत घेणं खरोखर उपयोगी पडतं.

‘पुन्हा घेणार नाही’ या धमकीने घरं गप्प बसतात, हे मी रोज पाहतो आणि मला त्याचा संताप येतो. खलाशांना नोकरीपासून रोखण्यासाठी याद्या ठेवणं एमएलसीने भरती एजन्सींना स्पष्ट मना केलं आहे. एजंटाकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, असायला हवा. तो वैध आहे का ते महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर पाहा. धमकी तोंडी आहे, म्हणून तिला लेखी रूप द्या: ‘आपण अमुक तारखेला फोनवर असं म्हणालात, कृपया याची पुष्टी करावी.’ असा साधा ईमेल गेला की सूर बदलतो. पडद्याआड काहीच होत नाही, असं मी म्हणणार नाही. पण उजव्या हाताची पकड गेलेल्या एबीला पुढच्या नोकरीसाठी आधी वैद्यकीय तपासणीत पास व्हावं लागणार आहे. तीत तो नापास झाला तर एजंटाची मर्जी राखून हाती काय येणार?

वकिलाआधी युनियनकडे जा. रेटिंगसाठी, म्हणजे अधिकारी नसलेल्या खलाशांसाठी, नुसी आहे, म्हणजे १८९६ पासूनची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया. ती मुंबईतच आहे. जहाजाला आयटीएफमान्य करार असेल तर करारातली रक्कम मिळवून देण्याचं काम युनियन करते, आणि टक्केवारीवर वाद नसेल तर तेवढं पुरेसं असतं. अशा लोकांना मी स्वतः तिकडे पाठवतो. टक्केवारीचा वाद, निष्काळजीपणाचा पुरावा, करारच नसणं, मृत्यू किंवा कायमची अपात्रता, यांपैकी काही असेल तर वकील हवाच. तुमच्या प्रकरणात पहिल्या दोन गोष्टी दिसतात, म्हणून माझं उत्तर ‘हो’ असं आहे.

फीबद्दल मोकळेपणाने सांगतो. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांनी ते मना आहे. तीस टक्के मागणारा तो कन्सल्टंट बहुधा वकील नाही. तो न्यायालयात उभा राहू शकत नाही, आणि त्याला लवकर तडजोड झालेलीच परवडते. कुलमुखत्यारपत्र आणि मूळ सीडीसी (खलाशाचं ओळख आणि सेवेच्या नोंदीचं पुस्तक) त्याच्या हातात देऊ नका. दिलं असेल तर परत मागा. वकिलाशी बोलताना कामाचे टप्पे पाडून फी लेखी घ्या: कागद वाचून मत देणं, पत्रव्यवहार आणि वाटाघाट, मग दावा. पहिल्या टप्प्याचा खर्च तुमच्यासारख्या घराला झेपतो, आणि तो झाल्यावर पुढचे टप्पे लागणार की नाही हे समजतं. वकिलाला दोन गोष्टी जरूर विचारा. याआधी क्लबांशी खलाशांच्या बाजूने बोलणी केलीत का, आणि सध्या याच क्लबचं किंवा मालकाचं काम तुमच्याकडे आहे का?

या आठवड्यात एजंटाला एक ईमेल करा. त्यात नोकरीचा करार, सामूहिक करार, अपघाताचा अहवाल, सगळे वैद्यकीय कागद, १२,००० चा हिशोब आणि क्लबचं नाव, एवढं मागा. उत्तरासाठी सात दिवस द्या. भाषा नम्र असू द्या. भावाने जुनी एखादी दुखापत भरतीच्या तपासणीत लपवली असेल, तर ती वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. जाणूनबुजून लपवलेला आजार हा मालकाचा एक मान्य बचाव आहे आणि तो समोरून अचानक यायला नको. फिजिओथेरपी एकही दिवस चुकवू नका. हात त्यानेच सुधारणार आहे, आणि उपचार टाळले म्हणून हात आखडला असं म्हणायला समोरच्यांना जागा मिळता कामा नये. प्रत्येक बिल, गुहागर-चिपळूणच्या एसटीच्या तिकिटासकट, तारखेनुसार एका फाइलमध्ये लावत जा.